गडणी : तीन बायकांच्या तैलचित्राच्या नोंदी

९ मार्च

सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर आई, खालच्या काकू आणि मावशी चिंच फोडत बसल्या होत्या. मधे परात, बाजूला चिंचोक्यांचा ढीग. मावशी नात्याने कोणी नाही. आई लग्न होऊन नागपूरच्या महाल भागातल्या या गल्लीत आली त्याच वर्षी मावशीही आली, काकू दोन वर्षांनी. चिंच, शेवया, कुरडया, मुगवड्या, सगळं तेव्हापासून तिघींचं एकत्र. आता पंचेचाळीस वर्षं झाली. बोलत फारशा नव्हत्या. काकूंचा गुडघा आईच्या मांडीला टेकलेला होता आणि दोघींनाही त्याचं भान नव्हतं. हेच रंगवायचं, ३ बाय ४ फुटांत, तैलरंगात, हे तिथेच ठरलं. नावही ठरलं. माझी आजी मैत्रिणीला गडणी म्हणायची.

मी शाळेत चित्रकला शिकवते. तैलरंगात एकेकट्या माणसाची चित्रं केली आहेत, तीन माणसं एका चित्रात कधीच नाहीत. पुढे कोणी असं काम काढलं तर त्याचे तरी दिवस वाचावेत, म्हणून चुकांसकट लिहून ठेवते आहे.

१६ मार्च

तिघींचे फोटो काढले. आईचा सकाळी नऊला गच्चीवर, काकूंचा दुपारी त्यांच्या दारात, मावशीचा संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली. ज्या वेळी जी सापडली तिचा तेव्हा काढला. ही या कामातली सगळ्यात महागडी चूक ठरली, पण ते कळायला तीन आठवडे लागले.

२२ मार्च

कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट करून घेतली, १,१५० रुपये. पट्ट्यांना आतून उतार आहे का हे दुकानातच बोट फिरवून पाहिलं. उतार नसला तर पट्टीची आतली कडा काही महिन्यांत कॅनव्हासवर रेघेसारखी उमटते. लाकूड मात्र पुरतं वाळलेलं आहे का, हे विचारलं नाही. सुती कॅनव्हास ३ मीटर, ८४० रुपये. ताणताना मधून सुरुवात करून कोपऱ्यांकडे गेले. समोरासमोर एक खिळा इकडे, एक तिकडे. एक बाजू पूर्ण ठोकून मग दुसरी ठोकली की कापड तिरकं ओढलं जातं.

प्रायमर, म्हणजे रंगाआधी कापडावर द्यायचा पांढरा लेप, ६२० रुपये. तीन हात दिले, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. मधे बारीक पॉलिश पेपर. मार्चच्या उन्हात एकेक हात दोन तासांत वाळला.

६ एप्रिल

फोटोंवर चौकोनांची जाळी आखून त्यावरून तिघींना कॅनव्हासवर उतरवलं. पातळ बर्न्ट अंबरने, म्हणजे गडद तपकिरीने, छायाप्रकाश मांडला आणि लांब जाऊन पाहिलं. आई आईसारखी होती, काकू काकूंसारख्या, मावशीही अगदी मावशी. पण तिघी एकमेकींजवळ बसलेल्या नव्हत्या. आईच्या नाकाची सावली डावीकडे, काकूंच्या नाकाची सरळ खाली, मावशीला सावलीच नाही. शिवाय आईचा फोटो उभ्याने काढलेला, मावशीचा बसून. म्हणजे एकीकडे वरून पाहते आहे आणि दुसरीकडे समोरून. एक परात तिघींच्या मधे बसेचना. कुठूनही ठेवली तरी कोणातरी एकीला ती घसरून पडणारसं वाटत होतं.

दोन दिवस परात सरकवत बसले. मग कळलं की परातीचा दोष नाही. टर्पेंटाइनने सगळं पुसून काढलं. १६ मार्चपासूनचे एकवीस दिवस गेले.

९ ते १३ एप्रिल

तिघींना एकत्र बसवलं, त्याच जागी, खऱ्या कामाला. वेळ सकाळी सव्वासात ते सव्वाआठ. त्यानंतर गच्चीवर बसवत नाही. पाच सकाळी मिळाल्या. फोटो एकही नाही, फक्त कोळशाने कागदावर.

पहिल्या दिवशी तिघी ताठ बसल्या, पदर नीट, माझ्याकडे बघून. मी काही काढलंच नाही, मीही चिंच फोडायला बसले. दुसऱ्या दिवशी त्या मला विसरल्या.

मग दिसायला लागलं ते असं. तिघींपैकी कोणीच कोणाकडे बघत नाही. डोळे परातीत. पण हात एकमेकींच्या हद्दीत सहज जातात. मावशी न विचारता काकूंच्या पुढ्यातली चिंच उचलते. आईने काढलेला चिंचोका काकूंच्या बाजूच्या ढिगात पडतो. सहा हात आणि एक परात एवढ्याच जागेत सगळं घडत होतं आणि मी तीन आठवडे चेहऱ्यांवर घालवले होते.

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमृता शेरगिलचं 'तीन मुली' पाहिलं होतं, ते आठवलं. १९३५ चं चित्र, ती युरोपातून परतल्यानंतरच्या वर्षातलं. १९३७ मध्ये त्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्यातही तिघी जणी एकमेकींकडे पाहत नाहीत. मागे जवळजवळ काहीच नाही, तरी तिघींना वेगळं करता येत नाही. तेव्हा मी त्या चित्रापुढे उभी राहून फक्त रंगांकडे पाहिलं होतं. आता कळतं की तिघींचे आकार एकमेकांत कुठे शिरतात ते पाहायला हवं होतं.

नवीन मांडणीत तिघींच्या मधली मोकळी जागा चार बोटांवरून एका बोटावर आणली. काकूंचा गुडघा आईच्या मांडीवर आला तिथे दोघींच्या साडीची कडाच काढली नाही. एकच गडद डाग ठेवला.

२१ एप्रिल

कॅनव्हासला आधी पातळ बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी रंग, फासून चिंधीने पुसून घेतला. पांढऱ्या पाटीवर सावळी कातडी नको तितकी काळी दिसते आणि आपण घाबरून ती उजळवत जातो. त्यावर पहिला थर. रंग आणि टर्पेंटाइन, तेल नाही. खाली तेल कमी, वर चढत्या क्रमाने जास्त, हा नियम शाळेत मुलांना सांगते. तोच पुढच्या पंधरा दिवसांत मोडला.

४ मे

काकूंच्या लाल साडीवर सुरकुत्या आल्या. पदराच्या खालच्या घडीत, साधारण तळहाताएवढ्या भागात, गरम दुधावरची साय बोटाने सरकवावी तसा रंग गोळा झाला.

झालं असं. साडीला झळाळी हवी म्हणून अलिझरीन क्रिमसन या गडद लाल रंगामध्ये जवसाचं तेल सढळ हाताने घातलं आणि जाड लावलं. बाहेर ४४ अंश. वरची कातडी दोन दिवसांत धरली, आतला रंग ओलाच राहिला. अलिझरीन मुळातच सावकाश वाळतो. वरून वाळलेला आणि आतून ओला असा रंग सुरकुततोच.

तीन दिवस वाळेल म्हणून वाट पाहिली, ते तीन दिवसही वाया. शेवटी रंगाच्या सुरीने तो भाग कॅनव्हासपर्यंत खरवडला, टर्पेंटाइनने पुसला, आठवडाभर तसाच ठेवला. मग पातळ थर. आधी लाइट रेड आणि बर्न्ट सिएना, तो वाळल्यावर वरून अलिझरीनचा एक पारदर्शक हात, तेल थेंबांनी मोजून. हे दोन पातळ थर त्या एका जाड थरापेक्षा जास्त लाल दिसतात. ७६० रुपयांचा लाल रंग आणि अकरा दिवस गेले.

१२ मे

चौकटीला पीळ पडला. भिंतीला टेकवली तर खालचा डावा कोपरा भिंतीपासून दीड सेंटिमीटर सुटा राहतो. लाकूड ओलसर असणार, नागपूरच्या मे महिन्याने त्यातलं उरलंसुरलं पाणी खेचून घेतलं. कॅनव्हास काढला नाही, मागून आडवी-उभी पट्टी बसवून घेतली, ४५० रुपये. पीळ तीन मिलिमीटरवर आला आणि तिथेच राहिला. चौकट घेतल्यावर ती महिनाभर खोलीत नुसती पडू द्यावी आणि मगच कापड ताणावं.

२० मे

मावशी वर आली. चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "हे हात माहे नाहीत व. चिंच फोडणाऱ्या बाईचे हात असे पांढरे राह्यते का?"

तिचं खरं होतं. उन्हाचा भाग दाखवायला मी दरवेळी टायटॅनियम व्हाइट घालत गेले होते आणि सावळी कातडी राख फासल्यासारखी झाली होती. पांढरा रंग उजेड वाढवतो, पण रंगातली ऊब काढून घेतो. तिघींचे सहाच्या सहा हात पुन्हा केले. उजेडाला यलो ऑकर हा मातकट पिवळा आणि थोडा कॅडमियम ऑरेंज. पांढरा फक्त नखांवर आणि बांगडीच्या चमकेवर. सावलीला काळा नाही, बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन निळा. ऑकरने उजेड पुरेसा चढत नाही अशी भीती होती, म्हणून उजेड चढवण्याऐवजी शेजारची सावली एक पायरी उतरवली. तेवढ्याने हात उन्हात आले.

मावशीच्या उजव्या अंगठ्याच्या पेराशी चिंच सोलून सोलून पडलेली एक काळसर भेग आहे. ती एकाच फटक्यात, दोन नंबरच्या ब्रशने, अंबरने ओढली. दुसऱ्यांदा हात लावला नाही.

३१ मे

दोन गोष्टी कूलरच्या. कूलर थेट चित्राच्या दिशेने लावला होता, ताटीतले बारीक तंतू आणि धूळ ओल्या रंगावर बसली. वाळल्यावर पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढली, तरी वरच्या कोपऱ्यात थोडी आहेच. आता कूलर खिडकीतून आणि चित्र त्याच्या पाठीकडे. खिडकी अजिबात बंद करायची नाही. बंद खोलीत टर्पेंटाइनने दोन दिवस डोकं धरलं होतं.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेल्या चिंध्यांना आपोआप आग लागू शकते. मे महिन्यात मी सकाळच्या चिंध्यांचा गोळा संध्याकाळी उचलला तर तो आतून चांगला गरम होता. तेव्हापासून पाण्याने भरलेला झाकणाचा डबा ठेवते.

१८ जून

पाऊस आला. दोनच दिवसांत कॅनव्हास ढिला पडला, बोटाने टिचकी मारली तर आवाजच नाही. कोपऱ्यातल्या पाचरी ठोकायला हातोडी घेतली आणि थांबले. पावसाळ्यात ढोलकीसारखं घट्ट केलं, तर ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत कापड आकसून कोपऱ्यांवर ताण येतो आणि रंगाला तडे जाण्याची भीती. एकेका पाचरीला एकच हलका ठोका दिला. थोडा ढिला आहे तर असू दे.

रंग वाळायला आता दुप्पट वेळ. मे महिन्यात अंबर दुसऱ्या दिवशी हाताला लागत नव्हता, आता चौथ्या दिवशीही चिकट. शाळाही सुरू झाली, त्यामुळे काम रविवारीच.

६ जुलै

हात पुरे करायला तिघींना पुन्हा बसवायचं होतं. गच्ची ओली म्हणून ओसरीत बसवलं, पण बसायची दिशा आणि उजेडाची बाजू तीच ठेवली. चिंचेचा हंगाम संपलेला, म्हणून तुरीची डाळ निवडायला दिली. जमलं नाही. डाळ निवडताना बोटं सपाट पसरतात, चिंचेला अंगठा आणि तर्जनी मुडपून जोर लावतात, मनगटाची शीर वर येते. मग आई म्हणाली, "काऊन अडून राहिली? बरणीतली काढ ना." मीठ लावून ठेवलेले गोळे काढले. त्यात काही चिंचोके राहिलेले होतेच. तिघी खरोखरच फोडायला लागल्या आणि हात पुन्हा एप्रिलमधले झाले.

या बैठकीत मला ते दिसलं, ज्यासाठी मी मार्चपासून धडपडत होते. आईचा डावा हात काकूंच्या पदराजवळ होता. आईच्या कोपराखाली, जिथे मी निळसर सावली भरून ठेवली होती, तिथे लाल रंग होता. काकूंच्या साडीवर पडलेला उजेड उलटून आईच्या हातावर चढला होता. फार नाही, सुपारीएवढा. आई थोडी मागे सरकली की तो जायचा, पुढे आली की परत यायचा.

खोलीत येऊन लगेच लावला. लाइट रेडमध्ये थोडा अलिझरीन, तेल अगदी कमी, सावलीच्याच गडदपणाचा. त्याहून उजळ केला असता तर जखम वाटली असती. मग त्याच नजरेने सगळं चित्र पुन्हा पाहिलं. मावशीच्या हळदी रंगाच्या साडीचा पिवळा काकूंच्या हनुवटीखाली आला, पितळी परातीचा तिघींच्या तळहातांवर. कडा न काढता तिघी जोडल्या गेल्या. वेगवेगळ्या फोटोंत हे कधीच सापडलं नसतं, कारण एकटीच्या अंगावर दुसरीचा रंग पडतच नाही. तीन-चार माणसं एकत्र रंगवायची असतील तर काही करून एकदा तरी त्यांना खरंच एकत्र बसवा.

२७ जुलै

आईच्या साडीचा करवती काठ. करवतीच्या दात्यांची ही नक्षी आमच्या विदर्भाची आणि आईला ती नीट दिसायला हवी होती. मीही प्रेमाने बसून एकेक दाता काढला, दोन रविवार. लांबून पाहिलं तर डोळा थेट काठावरच जात होता, हातांकडे कोणी बघेना. पुसला. मग डोळे किलकिले करून जिथे ऊन लागतं तेवढ्याच वीतभर भागात नऊ दाते स्पष्ट काढले, पुढे घडीत जाताना ते नुसत्या तुटक रेघेत विरवले. आईने विचारलं, बाकीचे कुठे गेले? घडीत आहेत म्हटलं. तिने लांबून पाहिलं आणि मान डोलावली.

१७ ऑगस्ट

मागची बाजू. आधी गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, पलीकडचं कडुनिंबाचं झाड असं सगळं घातलं होतं. ते काढून टाकलं.

बी. प्रभांच्या चित्रांच्या छापील प्रती काढून बसले होते. त्या आपल्याकडच्याच. जन्म १९३३, नागपूरजवळच्या बेला गावचा. नागपूरच्या चित्रशाळेत शिकून मग मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेल्या आणि आयुष्यभर मुख्यतः तैलरंगात खेड्यातल्या, कष्टकरी बायका रंगवत राहिल्या. त्यांच्यावर शेरगिलचा प्रभाव होता. २००१ मध्ये त्या नागपुरातच गेल्या. त्यांच्या चित्रात बहुतेक वेळा एकच रंग सगळ्या कॅनव्हासवर राज्य करतो आणि बाई त्या रंगातूनच वर येते. इथल्या चित्रकलेच्या मुलींना त्यांचं नाव पहिल्या वर्षी कळायला हवं, मला ते फार उशिरा कळलं.

त्यांच्यासारख्या उंच, सडपातळ आकृती माझ्या कामाच्या नाहीत, माझ्या तिघी ठेंगण्या आणि भरलेल्या आहेत. पण एका रंगाची गोष्ट घेतली. सगळी मागची बाजू चिंचेच्या टरफलाच्या तपकिरीत नेली, रॉ अंबर आणि ऑकर, सुरीने पसरून. झाड आणि टाकी गेली. कठड्याची एक अस्पष्ट आडवी रेघ ठेवली, नाहीतर तिघी हवेत बसल्यासारख्या वाटत होत्या.

७ सप्टेंबर

गडद भाग बसले. काकूंच्या गुडघ्याजवळचा डाग आणि परातीखालची सावली धुरकट, निस्तेज झाली, खालच्या थराने तेल पिऊन घेतलं. उपाय माहीत होता, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं करून पुसट हात फिरवायचा. पहिल्यांदा तो हात जड झाला, पाच दिवस चिकट राहिला. टर्पेंटाइनच्या ओलसर चिंधीने काढला. दुसऱ्यांदा तेल बोटाला लावून चोळलं, मग कोरड्या सुती कापडाने जवळजवळ सगळं पुसून घेतलं. राहिलं तेवढंच पुरेसं होतं. काळेपणा परत आला आणि त्यात साडीची घडीही दिसायला लागली.

५ ऑक्टोबर

सही केली. उद्या कोजागिरी, गल्लीतल्या मुलींच्या भुलाबाईची गाणी खालून ऐकू येत होती, तेव्हा तिघींना वर बोलावलं.

मावशीने आधी हात पाहिले. "आता माहेच हायेत," म्हणाली. आई काठ शोधत होती. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बोट आईच्या कोपरापाशी नेलं, टेकवलं नाही, आणि विचारलं, "हा लाल कशाचा ग?" मी म्हटलं, तुमच्या साडीचा. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आईच्या कोपराकडे एकदा वळून पाहिलं.

खर्च एकूण ११,२०० रुपये. चौकट, कापड, प्रायमर, मागची पट्टी आणि वाया गेलेला लाल वर लिहिले आहेतच. बाकी रंग ५,४००, ब्रश आणि सुरी १,२५०, तेल-टर्पेंटाइन ७३०. सात महिन्यांपैकी निदान दोन महिने दुरुस्तीत गेले.

व्हार्निश आत्ता नाही. वरचे थर हाताला वाळलेले लागले तरी आत वाळायचेच आहेत. एप्रिलमध्ये आधी कडेला, कमी दिसणाऱ्या जागी, टर्पेंटाइनचा बोळा फिरवून पाहीन. रंग आला नाही तरच लावीन. तोवर चित्र जिन्याच्या भिंतीवर, जिथे दिवसाचा उजेड येतो. अंधारात ठेवलं तर जवसाचं तेल पिवळं पडतं. मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले आहेत, म्हणजे भिंतीची ओल कॅनव्हासला लागणार नाही आणि मागून हवा खेळती राहील. डाव्या खालच्या कोपऱ्यात दोन तुकडे एकावर एक लावले आहेत, पिळाचे तीन मिलिमीटर भरून काढायला.